मागची डावी सीट

१

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की आहे, कारण गाडीतल्या घड्याळाकडे मी तेव्हाच पाहिलं होतं आणि त्या गाडीत खरं बोलणारी तेवढी एकच वस्तू होती. डिझेलचा काटा खोटा, वेगाचा काटा खोटा. आणि चालवणारा माझा नवरा प्रायित. तो तर घरातून निघायच्या आधीच फोनवर 'पोहोचलोच' म्हणून सांगतो.

गाडी हिरवी, डिझेलवरची, सात माणसं बसणारी. प्रायितच्या मामाने तिचा पुरता जीव काढल्यावर भाच्यावर उपकार म्हणून दिलेली. मागच्या काचेवर हातभर अक्षरांत 'टर्बो' लिहिलंय. चढावर पाय दाबला की पुढून बारीक शिट्टी वाजायची आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी वर जायची. प्रायितला त्या शिट्टीचा भारी अभिमान. स्वतःच्या पोराच्या पहिल्या शब्दाचा वाटला नसेल तेवढा.

आमचं सिगेमुक गाव बशीच्या तळाला आहे. कुठेही जायचं तर आधी कडेचा चढ चढायचा, मग पलीकडे वोनोसोबो शहराला उतरायचं. रुग्णालय तिथे. माझा बिमो चार वर्षांचा आहे आणि त्याची छाती जन्मापासून नाजूक. धुकं दाट झालं, बटाट्यावर औषध मारलं, शेजाऱ्याने पाला पेटवला की त्याची छाती आवळते. पंप जवळ असतो, पण पंपाने भागलं नाही तर मशीन लावावं लागतं, आणि मशीन चढापलीकडे. म्हणजे गाडी चढली तर पोर वाचलं. हे मला रोज रात्री झोपताना आठवतं. प्रायितला आठवत नाही. तो घोरतो.

त्या मंगळवारी आम्ही बिमोला नेहमीच्या तपासणीला नेत होतो. चढाच्या मध्यावर एक वळण आहे, तिथे पत्र्याची जुनी शेड. पूर्वी कोबीच्या टोपल्या घेऊन बायका तिथे मिनीबसची वाट बघत बसायच्या. मिनीबस बंद पडून जमाना झाला. प्रायित तिथे दर वेळी गाडी थांबवतो. जुन्या टर्बोला मध्ये विसावा द्यायचा असतो म्हणे. खरं कारण त्याला लघवीला जायचं असतं. तीही करायच्या आधी झाडाची परवानगी मागणार.

परत आल्यावर त्याला दिसलं की बिमोच्या मफलरचं टोक मागच्या डाव्या दारात अडकलंय. त्याने दार उघडलं, टोक आत टाकलं. आणि मग शेडकडे वळून, कंबरेत वाकून, अंगठा पुढे करून म्हणाला, "मोंग्गो. येताय का?"

आमच्याकडे या मोंग्गोचा रोगच आहे. या, बसा, जेवा, चला, सगळ्याला मोंग्गो. खरं बोलावणं नसतंच. समोरच्याने नको म्हणायचं असतं, एवढं लहान मुलालाही कळतं.

"कुणाला म्हणालास?" मी विचारलं.

"तिथे कुणीतरी बसल्यासारखं वाटलं."

मी पाहिलं. ओला बाक होता, बाकाखाली कोबीची कुजकी पानं.

"कुणी नाही."

"नसेल. म्हणायला काय जातं?" असं म्हणून त्याने दार लावलं.

गाडी निघाली. मागे बिमो खिडकीजवळून मधे सरकला आणि आपली पिशवी मांडीवर घेतली. गर्दीच्या गाडीत नवीन माणूस आलं की आपण घेतो, तशी. मी घड्याळ पाहिलं ते तेव्हा. आणि गाडी, जी त्या वळणावरून नेहमी दुसऱ्या गियरमध्ये शिट्टी मारत जायची, ती पहिल्या गियरमध्ये आली, तरी वर जाईना. काळा धूर सोडत, आजारी म्हशीसारखी चढली.

२

तुगिरानचं गॅरेज गावाच्या तोंडाशी आहे. मानाने पाक तुगिरान म्हणायचं, टोपी घालतो म्हणून. त्याच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं आहेत. त्यांतलं एक पोहण्याचं.

त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "टर्बो गेला."

"शिट्टी वाजतेय की," मी म्हणाले.

"वाजते म्हणून तर गेला."

मग त्याने हवेचा फिल्टर काढून आपटला. एवढी धूळ निघाली की कोबीचं एक रोप लावता आलं असतं. तो बदलला. आम्ही चढावर गेलो, गाडी तशीच. मग डिझेलचा फिल्टर. मग टर्बोकडून पुढे हवा नेणारा जाड रबरी पाइप. प्रायितने इंजिन रेस करून धरलं, तुगिरानने पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एका जोडाला फुगे आले. तुगिरान असा हसला, जणू फुगे त्यानेच शोधून काढलेत.

"बघा बू. हवा इथून पळते. हवा पळाली की ताकद पळाली."

नवा पाइप, नवे क्लॅम्प. सपाट रस्त्यावर त्याने स्वतः गाडी पळवून आणली, एकटाच. उतरला तो छाती काढून. "वाघ आहे वाघ."

आम्ही तिघं बसून चढावर गेलो. शेडच्या वळणापर्यंत वाघच होती. वळण आलं आणि मेली.

"वळणावर हवा विरळ असते," तुगिरान संध्याकाळी म्हणाला.

"आणि वळणाच्या वर? तिथे दाट होते का?"

"सातवी शिकलेल्या बाईने मला टर्बो शिकवू नये," तो प्रायितकडे बघून म्हणाला. प्रायित हसला. कुणाचा अपमान झाला की तो हसतो, म्हणजे अपमान झालाच नाही असं होतं. मग तुगिरानने आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, मोंग्गो, घ्या. मी घेतला नाही.

३

मला भुताखेताचं वेड नाही. ते सासूबाईंचं खातं. त्यांनी शुक्रवारी बॉनेटवर फुलं ठेवली, उदबत्ती लावली. राखेने रंग जळला. ताकद काही आली नाही.

मी आपली विचार करत बसले. ब्रेक धरत असतील का? प्रायितला जॅक लावायला लावून चारही चाकं हाताने फिरवली, मोकळी होती. क्लच घसरत असेल? मग इंजिनाचा आवाज वाढला असता आणि गाडी मागे राहिली असती, तसंही नव्हतं. इंजिन जीव तोडून ओढत होतं, एवढं मला ऐकू येत होतं. मी बिमोच्या छातीला कान लावून चार वर्षं काढली आहेत. कमी जोराने ओढणं वेगळं आणि जास्त ओझं ओढणं वेगळं, हे मला कुणी शिकवायला नको.

तुगिरानने शेवटी दाबाचं मीटर लावलं. बॉनेटमधून एक बारीक नळी काढून खिडकीतून आत घेतली, आणि मीटर माझ्या हातात दिलं. आम्ही निघालो. प्रायित चालवत होता, तुगिरान त्याच्या शेजारी. मी मागे उजवीकडे, बिमो मधे. डावीकडे कुणी नाही.

"चढावर काटा इथपर्यंत गेला पाहिजे," तुगिरानने नखाने दाखवलं. "जाणार नाही. टर्बो गेलाय, मी पहिल्या दिवशी सांगितलं."

वळण आलं. प्रायितने पाय दाबला, शिट्टी वाजली, काटा सरसर वर गेला आणि तुगिरानच्या नखाच्या खुणेवर जाऊन थांबला. पुरी हवा होती. पुरा दाब होता. बाहेर कोबीचं शेत इतकं हळू मागे जात होतं की मी एकेक गड्डा बघू शकत होते.

तुगिरानने मागे हात घालून मीटरवर टिचकी मारली. मग म्हणाला, "मीटर खराब आहे."

"तुझंच आहे ना?"

"म्हणून तर माहीत आहे."

बिमो मला चिकटून बसला होता. मी म्हटलं, "तिकडे सरक ना ले, बाळा. एवढी जागा आहे."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी लाज आणणारं बोलले. मग कानाशी येऊन कुजबुजला, "माक, हळू बोल. ती ऐकतेय."

वर पोहोचल्यावर सगळे उतरले. मी मागून गाडीकडे पाहिलं. डावा कोपरा खाली बसला होता. चारही दारं उघडी, आत कुणी नाही, आणि गाडी एका बाजूला कललेली.

"मागच्या चाकांवरचे पाटे बसलेत," तुगिरान म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने पाटे बदलले. कोपरा तसाच राहिला. त्याने आमच्या रस्त्यालाच दोष दिला.

४

वजनाचं मी कुणाला म्हटलं नव्हतं. ते आपोआप झालं.

प्रायित सात पोती बटाटा घेऊन बटाटे विकत घेणाऱ्या हाजींच्या गोदामावर गेला, मी सोबत होते. तिथे जमिनीतला मोठा वजनकाटा आहे. आधी भरलेली गाडी काट्यावर, मग बटाटे उतरवून रिकामी गाडी काट्यावर. फरक तो बटाट्याचा. इथल्या प्रत्येक गाडीचं रिकामं वजन काट्यावरच्या माणसाला पाठ असतं, कारण इथे चोरही खूप आहेत. रिकाम्या गाडीचं वजन कमी दिसलं की बटाटे जास्त भरतात, म्हणून कुणी भरल्या गाडीत धोंडे लपवतो आणि उतरवताना हळूच टाकून देतो. कुणी बायकोला मागे निजवून आणतो.

आमची पोती उतरली. रिकामी गाडी काट्यावर उभी. प्रायित आणि मी खाली.

काट्यावरच्या माणसाने आकडा पाहिला आणि काच सरकवली. "मास, आत बसलंय त्याला उतरवा."

"आत कुणी नाही."

"उतरवा म्हणतो ना. मागे रांग लागलीये."

"अरे कुणी नाही, बघ येऊन."

तो आला. नाराजीने. मागचं दार उघडलं, सीटखाली वाकून पाहिलं, सुट्टं चाक उचलून पाहिलं. मग मागे सरून उभा राहिला आणि खिशात हात घालून हसला. "नवीन आहे हा प्रकार. इथे लोक रिकामी गाडी हलकी करून आणतात, तुम्ही जड करून आणलीत. स्वतःचंच नुकसान करून घेणारा चोर मी पहिल्यांदा बघतोय."

रांगेतले सगळे हसले. प्रायितही हसला.

"किती जास्त आहे?" मी विचारलं.

"एका बाईचं," तो म्हणाला. "जेवलेल्या."

पुन्हा सगळे हसले. मी हसले नाही, कारण काट्याचा आकडा हलत होता. थोडा वर, थोडा खाली, पुन्हा वर. श्वास घेणाऱ्या माणसाला काट्यावर बसवल्यावर हलतो तसा. काट्यावरच्या माणसानेही ते पाहिलं. त्याने हसणं बंद केलं, काच लावून घेतली आणि आतूनच हात हलवला. जा.

५

मग नणंदेच्या मुलाच्या सुंतेचं जेवण आलं. सगळे आमच्या गाडीतून. सासूबाई, दोन नणंदा, त्यांची पोरं, भाताचे डबे, तेम्पेची म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भजी, केळीचा घड. मागच्या सीटवर पाच जण कोंबलेले. मी पुढे. बिमोला धाकट्या नणंदेच्या मांडीवर दिलं, डावीकडे.

मी म्हटलं होतं की दोन फेऱ्या करूया. धाकटी म्हणाली, "वहिनी, तुमची टर्बो आहे ना? की नुसती काचेवर?" सगळे हसले. या घरात मेलेलं माणूसही हसत असेल.

दुपारची वेळ, लख्ख ऊन. धुकं नाही, धूर नाही. वळण आलं तसं मी मागे वळून पाहिलं. बिमोचं तोंड उघडं होतं. छातीतून शिट्टी येत होती, आणि पुढून टर्बोची शिट्टी येत होती, दोन्ही एका सुरात. त्याचे दोन्ही खांदे खाली दाबले गेले होते. नणंद म्हणत होती, "काय जड झालंय गं तुझं पोर, माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या."

मी गाडी थांबवायला लावली, त्याला ओढून बाहेर काढलं. पंपाचे दोन फवारे दिले. रस्त्याच्या कडेला, गवतावर, तो हळूहळू मोकळा झाला. मी त्याला घेऊन चालत घरी गेले. जेवण राहिलं. त्याबद्दल मला अजून टोमणे मिळतात.

घरी मी त्याला विचारलं. हळू, दुसऱ्याच कुणाबद्दल विचारल्यासारखं.

"जागा नव्हती ना," तो म्हणाला. "म्हणून ती माझ्यावर बसली."

"कोण ती?"

"बाबांनी बोलावलेली."

रात्री मी प्रायितला सांगितलं. त्याने कूस बदलली. मग म्हणाला, "मग जागा ठेवूया ना. एक सीट. तेवढं काय."

म्हणजे काढूया नाही. जागा ठेवूया! मी म्हटलं, "उतर म्हण तिला. तू बोलावलंस, तू उतरव."

त्याने अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याला गावात नागडं फिरायला सांगितलं. "अगं, बसलेल्या माणसाला उतर कसं म्हणायचं?"

६

पुढे बरेच दिवस बिमोला गाडीत घातलं नाही. मला वाटलं, एवढ्यात पावसाळ्याचं धुकं ओसरेल, मग बघू.

एका सकाळी खालच्या वाफ्यात औषध मारलं आणि वारा आमच्या बाजूचा होता. बिमोला चहा पितानाच धाप लागली. पंप दिला. पुन्हा दिला. ओठ निळसर व्हायला लागले. शेजाऱ्याची मोटरसायकल होती, पण शेजारी तिच्यासकट बाजारात. दुसरी गाडी गावात नाही. प्रायितने हिरवी बाहेर काढली.

मी डोकं ठिकाणावर ठेवलं. मी पुढे बसले, बिमोला मांडीवर घेतलं. मागची अख्खी बाकं रिकामी ठेवली. डाव्या सीटवर मी स्वतःच्या हाताने उशी ठेवली. होय, मी ठेवली. म्हटलं बस बाई, ऐसपैस बस, पसर, फक्त माझ्या पोराला वर जाऊ दे.

वळणापर्यंत गाडी नीट गेली. वळणावर गाडीचा मागचा कोपरा उचलला गेला. मला ते कंबरेत जाणवलं. आणि मग पुढची बाजू खाली बसली. माझ्या मांड्यांवर ओझं आलं. बिमोच्या वर. गार, ओलं, कोबीच्या पानांसारख्या वासाचं ओझं.

तिला जागा नकोच होती. तिला हा हवा होता.

बिमोचा आवाज बंद झाला. शिट्टीसुद्धा बंद. गाडी कणाकणाने थांबली आणि इंजिन बंद पडलं. प्रायित किल्ली फिरवत होता, फिरवत होता, आणि पुटपुटत होता, "नुवुन सेवू, नुवुन सेवू." म्हणजे माफ करा, माफ करा. माझ्या पोरावर बसलेल्या बाईची तो माफी मागत होता.

तेवढ्यात मागून एक गाडी आली आणि आमच्या बाजूला थांबली. क्रीम रंगाची, नवीकोरी. फोनवरच्या नकाशाने असल्या शहरी लोकांना आमच्या रस्त्यावर आणून सोडायची खोड आहे. वरच्या पठारावर सूर्योदय बघायला जातात आणि खाली कोबी बघत फिरतात. पुढे नवरा-बायको. काच खाली झाली. बायकोने केसांवर काळा चष्मा चढवलेला, गालाला खळी.

"काही मदत हवीये का बू?" तिने विचारलं. "बाळ आजारी आहे का? आमच्याकडे मागे जागा आहे. मोंग्गो, या ना."

मागे एक मुलगी होती. बिमोच्याच वयाची. गुलाबी जाकीट, दोन वेण्या, हातात उकडलेलं कणीस. ती माझ्याकडे बघून हसली. दात किडलेले. शहरातल्या आया पोरांना किती गोड खायला देतात!

मी जाऊ शकले असते. पोराला घेऊन त्यांच्या गाडीत बसले असते. पण माझ्या मांडीवर जे बसलं होतं ते माझ्याबरोबरच आलं असतं, हे मला माहीत होतं. बिमोचे डोळे वर गेले होते.

मी खाली, माझ्या मांडीकडे बघून बोलले. आमच्या भाषेत मोठ्यांशी बोलायची एक भाषा असते आणि कुत्र्याशी बोलायची एक. मी दुसरीत बोलले.

"ऊठ. त्यांच्याकडेपण आहे एक. बघ, जाडजूड आहे. छाती चांगली आहे. आणि ते तुला बोलावतायत."

प्रायित ओरडला, "यूनी!"

माझ्या मांड्या हलक्या झाल्या.

क्रीम गाडीचं मागचं डावं दार उघडलं. त्या बाईला वाटलं आपल्या नवऱ्याने आतून कळ दाबली, नवऱ्याला वाटलं बायकोने. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मुलगी खिडकीजवळून मधे सरकली. कणीस दुसऱ्या हातात घेतलं. मग दार लागलं, आणि लागताना त्यात एका लुगड्याचं टोक अडकलं. तपकिरी, जुनं, चिखलाने कडक झालेलं, त्यातून पाणी गळत होतं. ते आतून हळूहळू ओढलं गेलं. बायका बसल्यावर पदर सावरतात, तसं.

बिमोने श्वास घेतला. किती मोठा, काय सांगू.

"नको असेल तर आम्ही निघतो हं," ती बाई म्हणाली. तिची गाडी डाव्या अंगाला कलली होती.

"निघा," मी म्हणाले.

७

आमची गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. शिट्टी वाजली आणि मागून कुणी ढकलल्यासारखे आम्ही वर गेलो, दुसऱ्या गियरमध्ये. चढाच्या टोकाजवळ क्रीम गाडी आमच्यापुढे होती. नवी गाडी, आणि काळा धूर सोडत रांगत होती. प्रायितचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस," मी म्हटलं.

"यूनी, त्यांना निदान—"

"तुला उतर म्हणता येत नाही ना? मग थांबूही नकोस."

आम्ही बाजूने पुढे गेलो. मागच्या काचेला त्या मुलीचा गाल दाबलेला होता, तोंड उघडं. कणीस दिसलं नाही.

बिमोला मशीन लावलं, दोन दिवसांत घरी आणलं. तुगिरान सगळीकडे सांगतो की पाटे त्याने बसवले म्हणून गाडी सुधारली. प्रायित माझ्याशी नीट बोलत नाही. वळणावर आता हॉर्न वाजवून तोंड घट्ट मिटून जातो. त्याला वाटतं मी माफी मागावी. कुणाची मागू? मी आई आहे, मला एकच पोर आहे, आणि त्यांनी मोंग्गो म्हटलं होतं.

तरी रात्री ती मुलगी मधे सरकताना दिसते मला. म्हणून हे लिहिलं. नंबर मी पाहिला नाही, नावं विचारली नाहीत. क्रीम रंगाची गाडी, मागच्या काचेवर पिवळ्या बदकाचं चित्र, आईच्या गालाला खळी, मुलीच्या दोन वेण्या, पुढचे दात किडलेले. कुणाला माहीत असतील तर त्यांना एवढा निरोप द्या. गॅरेजवाल्यांच्या नादी लागू नका, तुमच्या इंजिनाला काही झालेलं नाही. मुलीला त्या गाडीत बसवू नका. सीट रिकामी ठेवून काही होत नाही, मी ठेवून पाहिली. तिला उतरवायचं तर कुत्र्याच्या भाषेत बोला, आणि तिला बोट दाखवायला दुसरं कुणीतरी लागेल, ते कोण हे तुमचं तुम्ही ठरवा.

फक्त आमच्या चढावर परत आणून सोडू नका. हे नक्की सांगा. आमची गाडी आता छान चढते.